रेंडर लावला की पंधरा मिनिटांत लॅपटॉप बसतो? आधी अंश आणि वॅट मोजा, मग प्रोसेसर निवडा

मे महिन्यात अकोल्यात लग्नाच्या व्हिडिओंचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, रडगाणं एकच. सकाळी टाइमलाइन लोण्यासारखी चालते. दुपारी एक्स्पोर्ट लावला, म्हणजे रेंडर करून व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला घेतली, की पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडा भराभर सरकतो आणि मग रेंगाळायला लागतो. पंखा मिक्सरसारखा ओरडतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नाही, आणि 'उरलेला वेळ' कमी व्हायचा सोडून वाढत जातो. संध्याकाळी मुलीकडच्यांचा फोन येतो तेव्हा गाडी ६१ टक्क्यांवर अडलेली असते.

माझ्याकडे हे सलग तीन उन्हाळे झालं. २०२२ मध्ये मी चौदा इंची, सडपातळ, धातूच्या अंगाचा लॅपटॉप घेतला होता. आत इंटेल कोअर आय७ १२७००एच: चौदा कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग), वीस थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). दुकानदार म्हणाला, "टॉप मॉडेल आहे भाऊ, डोळे झाकून घ्या." मी खरंच झाकून घेतले. पहिल्या उन्हाळ्यात कूलिंग पॅड आणलं, दुसऱ्यात विंडोज नव्याने टाकलं आणि रॅम दुप्पट केली. दर वेळी पावसाळा सुरू झाला की लॅपटॉप सुधारायचा, आणि श्रेय मी शेवटी केलेल्या उपायाला द्यायचो. तिसऱ्या वर्षी एका मित्राच्या जाडजूड, प्लास्टिकच्या, माझ्याहून एक वर्ष जुन्या लॅपटॉपने तोच प्रोजेक्ट माझ्या आधी संपवला. त्याच्यात होता रायझेन ७ ५८००एच, फक्त आठ कोअरचा. त्या दिवशी अंदाज बांधणं सोडलं आणि मोजायला बसलो.

मोजमाप: अर्धा तास लागतो, पैसे लागत नाहीत

हॉवइन्फो ६४ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा. यादी लांबलचक येईल, घाबरू नका. बघायच्या ओळी तीनच: प्रोसेसरचं तापमान, 'सीपीयू पॅकेज पॉवर' म्हणजे प्रोसेसर या क्षणी किती वॅट खातोय, आणि कोअरचा वेग. सोबत सिनेबेंच आर२३ घ्या, ते प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन त्याच्या कामाला गुण देतं. त्याची सगळ्या कोअरची चाचणी मुळातच दहा मिनिटं चालते, म्हणून ती आपल्या कामाची. एका फेरीवर विसंबू नका. पहिली फेरी नव्या नवरीसारखी असते, सगळं छानच दिसतं.

चाचणी दुपारी करा, ज्या खोलीत रोज काम करता तिथेच, चार्जर लावून, टेबलावर ठेवून. आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालेल. हा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि सगळी गफलत तिथेच होते.

माझे आकडे असे आले. खोली ३७ अंश. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रोसेसरने ८० वॅटच्या वर उडी मारली, तापमान लगेच ९८. मग ४५ वॅट, मग हळूहळू उतरत २८ वॅट. तापमान ९८ वरून हललं नाही. गुण पहिल्या फेरीत १४,९००, शेवटच्या फेरीत ९,७००. मित्राच्या रायझेनने शेवटपर्यंत ५० वॅट ओढले, तापमान ८८, आणि गुण पहिल्यापासून शेवटपर्यंत १२,६०० च्या आसपास.

आता हिशेब. माझ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि खोली यांच्यातला फरक ६१ अंश, वॅट २८. म्हणजे एका वॅटमागे सुमारे २.२ अंश. मित्राचा फरक ५१ अंश, वॅट ५०. म्हणजे वॅटमागे एक अंश. हा एक आकडा मी तेव्हापासून प्रत्येक लॅपटॉपचा काढतो. गणित काटेकोर नाही, पंख्याचा वेग बदलला की तोही थोडा हलतो. पण खरेदीपुरता आणि बिघाड शोधण्यापुरता पुरेसा आहे. लॅपटॉपची उष्णता बाहेर टाकायची ताकद यात दिसते, आणि ती खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

खोक्यावर असतं ते प्रोसेसरचं नाव. आता त्याच १२७००एचची इंटेलने दिलेली मूळ मर्यादा ४५ वॅट आहे, आणि टर्बोत, म्हणजे थोड्या वेळासाठी पूर्ण जोर लावताना, जास्तीत जास्त ११५ वॅट. या दोन टोकांच्या मधे लॅपटॉप बनवणारा आपल्या डब्यानुसार मर्यादा ठरवतो: एक थोड्या वेळासाठीची, एक लांब पल्ल्याची. डबा पातळ, पंखा एक, उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी बारीक असेल तर लांब पल्ल्याची मर्यादा गपचूप खाली आणलेली असते, किंवा तापमानच तिला खाली आणतं. दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर आणि लांबलचक कामात दीडपट फरक, हे त्यातूनच होतं.

आणि हो, ९५ अंश दिसले म्हणून लगेच छाती धडधडू देऊ नका. १२७००एच १०० अंशांपर्यंत चालेल असाच बनवलाय, ५८००एच १०५ पर्यंत. त्या रेषेपाशी तो स्वतःच वेग कमी करतो. थोड्या वेळासाठी ९५ ला गेला तर जळत नाही. आपली तक्रार "तापतो" ही नसावी, "तापून मंदावतो" ही असावी. मात्र वर्षानुवर्षं रोज सहा तास तसाच भाजला तर बॅटरी फुगते, हेही खरं. माझी फुगली. टचपॅडचं एका बाजूचं बटण दाबलं जाईना, तेव्हा कळलं.

आकडे काय सांगतात

तापमान ९५ च्या वर आणि वॅट उतरत चाललेत, तर उष्णता बाहेर पडत नाहीये. साफसफाई, पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याकडे नेणारा लेप), हवेचा मार्ग, खोली, या बाजूने शोधा. माझं हेच होतं.

तापमान ७५-८० वर निवांत आणि वॅट एकाच आकड्याला खिळलेले, उदाहरणार्थ अगदी १५ किंवा २८, तर ती बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा आहे. इथे पेस्ट बदलून एक टक्काही फरक पडणार नाही. लोक उगाच पैसे घालवतात. कंपनीच्या ॲपमध्ये शांत, संतुलित, परफॉर्मन्स असे मोड असतात, ते बघा. अनेकदा कुणीतरी बॅटरी वाचवायला 'शांत' करून ठेवलेलं असतं आणि विसरून गेलेलं असतं.

तापमान कमी, वॅट कमी, आणि वेग चक्क ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेला असेल तर चार्जर तपासा. मूळ चार्जर बिघडला म्हणून बाजारातला कमी वॅटचा टाइप-सी लावला, की काही लॅपटॉप प्रोसेसरला सक्तीने तळाशी दाबतात. बॅटरीचा सेन्सर बिघडला तरी असंच होतं. एका ओळखीच्यांनी या भानगडीत मदरबोर्ड बदलायची तयारी केली होती. शेजाऱ्याचा मूळ चार्जर लावला आणि लॅपटॉप पळायला लागला.

काहीच चालू नसताना पंखा घोंघावतोय आणि प्रोसेसर १५-२० वॅट खातोय, तर टास्क मॅनेजर उघडा. एकावर एक दोन अँटिव्हायरस, विंडोजचं फाइल शोधणं, चाळीस टॅब उघडलेला ब्राउझर, यांपैकी कुणीतरी सापडेल. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही.

लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट. बहुतेक डब्यांत प्रोसेसर आणि कार्ड यांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. कार्ड कामाला लागलं की त्याची उष्णता प्रोसेसरच्या वाट्याला येते. म्हणून एकदा नुसता प्रोसेसर तापवून बघा आणि एकदा तुमचा खरा प्रोजेक्ट एक्स्पोर्टला लावून. दोन्हींतले वॅट वेगळे येतील. खरा आकडा दुसरा.

उघडल्यावर काय दिसलं

हमी संपलेली होती, म्हणून टॉवर चौकाकडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "पंखा तर चांगला फिरून राहिला ना भाऊ, मंग गरम कायले होते?" मलाही तेच वाटत होतं. बाहेरून जाळी स्वच्छ, पंख्याची पाती स्वच्छ. त्याने आठ स्क्रू काढून खालचं झाकण उचललं, पंखा सोडवून बाजूला केला, आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. पंखा हवा ज्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांमधून बाहेर फेकतो, त्यांच्या आतल्या तोंडावर राखाडी नमद्यासारखी एक सलग पट्टी बसली होती. चिमट्याने धरून ओढली तर अख्खी निघून आली, बोटभर लांब, घडी घालता येईल अशी. आमच्याकडे कापसाचं तूस हवेत असतं, त्यात धूळ आणि घरातले केस मिसळले की असा पत्रा तयार होतो. पंखा फिरत होता, हवा मात्र भिंतीवर आपटून परत येत होती.

म्हणून बाहेरून ब्लोअर मारणं मला पटत नाही. ती पट्टी आतल्या बाजूला असते. बाहेरून फुंकर मारली की सुटून पंख्यात अडकते किंवा तिथल्या तिथे वळकटी होऊन बसते. झाकण उघडूनच काढा. ब्लोअर मारताना पंख्यात टूथपिक अडकवून तो स्थिर धरा, नाहीतर मोकाट फिरून बेअरिंग खराब होतं. आणि झाकण उघडल्या उघडल्या पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं.

जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, मधोमध जवळजवळ उरलीच नव्हती. लॅपटॉपचे चिप रोज तापतात-थंड होतात, त्या हालचालीने पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. दुरुस्तीवाला पांढरी पेस्ट लावायला निघाला होता. मी त्याला थांबवून हनीवेलची पीटीएम ७९५० ही पट्टी मागवून घेतली. ती खोलीच्या तापमानाला घट्ट असते आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते, त्यामुळे कडेला वाहून जायचा त्रास कमी. बाजारात नकली फार, एवढं सांभाळा. पेस्टऐवजी काही जण लावतात ते लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, मात्र घरगुती माणसाने लावू नये. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि एक थेंब बोर्डावर गेला की शॉर्ट.

साफसफाईनंतर त्याच ३७ अंशांच्या खोलीत लॅपटॉप ४० वॅटवर टिकला, तापमान ९५. वॅटमागे २.२ अंशांचे झाले १.४५. चार पैशांच्या कामात बारा वॅट परत मिळाले. पण मित्राच्या डब्याचा एक अंश काही माझ्या डब्याला गाठता येईना. तो येणारही नव्हता. आता उरला तो डब्याचा दोष.

खोली आणि कूलर

परीक्षणं लिहिणारे बहुतेक जण एसीत बसून मोजतात. २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८४ दाखवतोय म्हणजे ६० अंशांचा फरक. तेवढेच वॅट ओढत तोच लॅपटॉप ४० अंशांच्या खोलीत आणला तर हिशेब १०० वर जातो, म्हणजे रेषेवर आपटतो. खोली जितकी अंश तापते, प्रोसेसर साधारण तितकेच अंश वर सरकतो. म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला छान चाललेला लॅपटॉप अकोला, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात मान टाकतो. लॅपटॉप तोच, हवा वेगळी.

छताचा पंखा इथे फसवतो. आपल्याला घाम असतो, तो सुकतो, म्हणून गार वाटतं. प्रोसेसरला घाम येत नाही. त्याला ३९ अंशांची हवा मिळते ती ३९ चीच. डेझर्ट कूलर मात्र खरोखर हवा थंड करतो. माझी खोली दुपारी ३९ वरून ३१ वर येते आणि तेवढेच आठ अंश मला प्रोसेसरवर परत मिळतात. फक्त लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार, आणि ते पोर्टमध्ये पांढरे होऊन बसतात. लॅपटॉप कूलरच्या खोलीत असावा, कूलरसमोर नसावा. खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते आणि कूलरचाच उपयोग संपतो.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत फार बरं नाही. मागच्या कडा दोन-तीन सेंटिमीटर उचलल्या की निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो, आणि त्याला दोन जुन्या पुस्तकांपेक्षा जास्त काही लागत नाही. गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवून एक्स्पोर्ट लावणाऱ्याने मात्र पुढचं काही वाचायची गरज नाही.

वॅट मुद्दाम कमी करणं

हे ऐकून लोक हसतात. तापतोय म्हणून आणखी हळू चालवायचा? पण वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की खर्च त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर सगळ्यात जास्त वॅट जाळतो. तोच तुकडा कापायचा.

इंटेलवाल्यांनी थ्रॉटलस्टॉप घ्यावं. त्यात लांब पल्ल्याची आणि थोड्या वेळाची अशा दोन्ही मर्यादा बदलता येतात. बनवणाऱ्याने कुलूप लावलेलं नसलं पाहिजे, एवढीच अट. मी ३५ आणि ४५ ठेवल्या. एएमडीवाल्यांसाठी युनिव्हर्सल एक्स८६ ट्यूनिंग युटिलिटी आहे. काहीच टाकायचं नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो. हा उपाय मात्र हातोड्याने पाटी पुसण्यासारखा आहे: १२७००एचचे मोठे कोअर (त्यात मोठे आणि छोटे असे दोन प्रकार असतात) त्यानंतर २.३ गिगाहर्ट्झच्या वर जात नाहीत. आणि कित्येक नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही.

माझ्याकडे ३५ वॅटवर तापमान ९५ वरून ८८ वर आलं. ज्या प्रोजेक्टला ४९ मिनिटं लागत होती त्याला ५२ लागली. तीन मिनिटांच्या बदल्यात पंख्याचा आवाज अर्धा झाला. हा सौदा मी रोज करीन.

व्होल्टेजच थेट कमी करायचा जुना मार्ग मात्र आता बहुतेकांना बंद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून, तो दरवाजाच लावून घेतला. जुन्या व्हिडिओंमध्ये बघून शोधत बसू नका.

नवा घ्यायचा तर

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मी हिशेब उलटा मांडला. माझी खोली वाईटात वाईट ४० अंश. प्रोसेसर ९० च्या वर नको. म्हणजे खर्चायला ५० अंश. डबा वॅटमागे दीड अंश घेणारा असेल तर मला ३३ वॅट मिळणार, एक अंश घेणारा असेल तर ५०. प्रोसेसर त्या वॅटमध्ये काम किती करतो ते बघायचं, ११५ वॅटवर काय करतो ते विसरायचं. ३३ वॅटच्या डब्यात सगळ्यात महागडा एचएक्स कोंबला तरी मिळणार ३३ वॅटच.

अक्षरं वाचायला शिका, आकड्याच्या मागची. इंटेलमध्ये यू म्हणजे साधारण १५ वॅटची मूळ मर्यादा, एच म्हणजे जोरकस कामाचा, एचएक्स म्हणजे ५५ वॅटचा, डेस्कटॉपच्या जातीचा. बाराव्या-तेराव्या पिढीत मधे २८ वॅटचा पी होता, तो पातळ डब्यांतला सगळ्यात त्रासदायक गडी. २०२३ च्या अखेरीला कोअर अल्ट्रा आले, 'आय' गेला, आणि गोंधळ वाढला. अल्ट्रा ७ २५५यू आणि अल्ट्रा ७ २५५एच यांत फरक एका अक्षराचा, पण पहिल्यात मोठे कोअर दोन आणि दुसऱ्यात सहा. अल्ट्रा ७ २५८व्ही तर तिसराच प्राणी: आठ कोअर, १७ वॅट, ३२ जीबी रॅम चिपच्याच पाकिटात चिकटलेली, पुढे वाढवता येणार नाही. गार आणि शांत, प्रवासात उत्तम. तासभराच्या एक्स्पोर्टला मात्र एचच्या मागे पडतो.

एएमडीत ७००० मालिकेचा तिसरा आकडा बघायचा, तो पिढी सांगतो. ७८४०एचएसमध्ये ४ म्हणजे झेन ४ (झेन हे एएमडीच्या चिपच्या रचनेचं नाव). ७७३५एचएस नावाला जवळचा वाटतो, पण तिथे ३ आहे, म्हणजे आधीच्या पिढीचा. आणि ७५२०यू तर झेन २, जुनी दारू नवी बाटली. नंतरच्या रायझेन एआय ९ एचएक्स ३७० मध्ये 'एचएक्स' आहे म्हणून इंटेलच्या एचएक्सशी तुलना करू नका. तो मुळात २८ वॅटचा, पातळ डब्यांसाठीचा चिप आहे, आणि चांगला आहे.

ॲपलवाल्यांना वेगळं सांगायला नको, एम मालिकेचे चिप कमी वॅटमध्ये भरपूर काम करतात. फक्त मॅकबुक एअरला पंखाच नाही, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवा. लांब एक्स्पोर्टला तो हळू होतो. रोज रेंडर असेल तर पंखा असलेला प्रो घ्या.

आता काम कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. ऑटोकॅडचं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. सिव्हिलवाल्या पोरांना चोवीस कोअरचा एचएक्स विकणं म्हणजे एकट्या माणसाला लग्नाचा हॉल भाड्याने देणं. टॅली, एक्सेल, ब्राउझर यांना यू किंवा व्ही भरपूर. ॲप बनवणाऱ्यांना कोअर लागतात पण झटक्याझटक्याने, त्यांचे पैसे आधी रॅमला जावेत. ब्लेंडर किंवा व्ही-रे या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर रोज दोन-दोन तास प्रोसेसरवरच चालत असेल, तर माझं स्पष्ट मत, लॅपटॉप घेऊच नका. त्याच पैशात डेस्कटॉप टॉवर घ्या, प्रोसेसरवर मोठा कूलर बसवा, आणि साधा लॅपटॉप फिरायला ठेवा.

आमच्या व्हिडिओवाल्यांसाठी एक गोष्ट वॅटपेक्षाही मोठी आहे. हल्लीचे कॅमेरे ४:२:२, दहा बिट, एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती घट्ट आवळून साठवणाऱ्या स्वरूपात, शूट करतात. हे फुटेज उलगडायला चिपमध्ये खास भाग लागतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये, अकराव्या पिढीपासून तर नक्कीच, तो आहे. ॲपलच्या एम मालिकेत आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आला. ज्यांच्याकडे हा भाग नाही त्यांचा प्रोसेसर तेच काम सगळे कोअर जाळून करतो, आणि मग नुसतं प्ले केलं तरी ९० अंश. मित्राच्या रायझेनचं नेमकं इथे घोडं अडतं. एक्स्पोर्टमध्ये मला हरवणारा तो, टाइमलाइनवर मात्र प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवल्याशिवाय हलत नाही.

याच्याशी जोडलेली एक गंमत: गेमिंग लॅपटॉपमध्ये 'फक्त वेगळं कार्ड वापरा' असा मोड असतो. तो चालू केला की इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स बंद पडतं आणि त्याच्यासोबत हा उलगडणारा भागही. कुणीतरी गेमसाठी तो चालू केलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी एडिटर म्हणतो लॅपटॉप अचानक तापायला लागला. मोड परत 'हायब्रिड' करा, तक्रार संपते.

वेगळं कार्ड घेताना त्याचेही वॅट विचारा. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असतं. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

मी शेवटी सोळा इंची, जाड, दोन पंख्यांचा लॅपटॉप बघितला, आत अल्ट्रा ७ २५५एच. दुकानात पेन ड्राइव्हवर हॉवइन्फो आणि सिनेबेंच घेऊन गेलो. विक्रीवाला आधी नको म्हणाला, मग डेमोच्या तुकड्यावर चालवू दिलं. त्यांच्या एसीत २४ अंश. दहा मिनिटांनंतर ४५ वॅट, ७८ अंश. वॅटमागे १.२. माझ्या ४० च्या खोलीत हेच ९४ होणार, हे मी तिथेच मोबाइलवर करून त्याला दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, इतका हिशेब कुणी करत नाही, लोक रंग विचारतात." घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत, खऱ्या प्रोजेक्टवर तीन दुपारी चालवून पाहिला. तुम्हीही तसंच करा, पावसाळ्यात घेतलात तर खोली बंद करून तापवून बघा.

या मे महिन्यात कूलर लावलेल्या ३१ अंशांच्या खोलीत तो ४५ वॅटवर ८६ अंशांना बसतो आणि तिथेच राहतो. दोन किलोच्या वर वजन आहे, पिशवीचा पट्टा खांद्यात रुततो, तेवढी तक्रार आहे. जुना सडपातळ लॅपटॉप बहिणीला दिला. तिच्या दुकानाचं बिलिंग आणि टॅली त्याच्यावर चालते. परवा फोनवर विचारत होती, "दादा, याला पंखा आहे का रे? कधी आवाजच येत नाही."